पन्हाळगड ते विशाळगड : एका रात्रीची वाट

पन्हाळगडाच्या वेढ्यातून शिवाजी महाराज निसटले आणि बाजीप्रभूंनी खिंड लढविली, ही हकीकत आपल्यापैकी प्रत्येकीने शाळेत वाचली आहे आणि पुढे आपल्या मुलाबाळांना सांगितलीही आहे. सांगताना आपण लवकर लवकर खिंडीपाशी येतो. पाऊस होता, रात्र होती, पालखी निघाली, एवढ्यावर आधीची सारी वाट उरकते. मला मात्र पुष्कळ दिवसांपासून त्या वाटेचेच कुतूहल होते. आपण काळ्या, सपाट रानात राहणाऱ्या बाया. बुलढाण्यापुढचा राजूर घाट उतरला की डोंगर पाहिल्याचे आपल्याला समाधान होते. आषाढाच्या पावसात सह्याद्रीतून रात्रभर चालणे म्हणजे काय, याची कल्पना येथे बसून येत नाही.

प्रथम प्रसंग थोडक्यात सांगते. अफजलखानाच्या वधानंतर अवघ्या अठरा दिवसांत, नोव्हेंबर १६५९ मध्ये, पन्हाळा महाराजांच्या हाती आला. तो परत घेण्यासाठी विजापूरच्या अली आदिलशहाने कर्नूलकडचा सरदार सिद्दी जौहर याला पाठविले. मार्च १६६० मध्ये वेढा पडला आणि खुद्द महाराज गडावर अडकले. राजापूरच्या वखारीतील इंग्रजांनी तर तोफा-दारूगोळा आणून आपले निशाण लावून गडावर मारा केला. (त्याचे उत्तर त्यांना पुढच्याच वर्षी राजापुरात मिळाले, वखार लुटली गेली आणि साहेब कैदेत पडले.) पावसाळा आला की वेढे उठतात, असा त्या काळचा रिवाज. सिद्दी उठला नाही.

याच वेळी शाइस्ताखान पुण्यात येऊन बसला होता आणि चाकणच्या किल्ल्याला मोगलांचा वेढा पडला होता. अशा दुहेरी संकटात राजगडावर कारभार पाहणारी व्यक्ती कोण, तर आपल्याच जिल्ह्यातील सिंदखेडराजाची लेक. लखुजी जाधवांच्या घरी १२ जानेवारी १५९८ रोजी जन्मलेल्या जिजाऊ त्या वेळी बासष्ट वर्षांच्या होत्या. कवींद्र परमानंदांच्या ‘शिवभारत’ या त्याच काळातील संस्कृत ग्रंथात असे वर्णन आहे की, मुलगा वेढ्यात आणि सोडविणारा कोणी दिसेना, तेव्हा जिजाऊ स्वतः शस्त्र घेऊन पन्हाळ्याकडे निघण्यास सिद्ध झाल्या. नेताजी पालकर आणि सिद्दी हिलाल यांनी त्यांना थांबविले व ते स्वतः चालून गेले. पण ही कुमक वेढा फोडू शकली नाही. सिद्दी हिलालचा तरुण मुलगा वाहवाह जखमी होऊन शत्रूच्या हाती सापडला. बाहेरून वेढा फुटत नाही हे ठरले, आणि मग उरला एकच मार्ग : आतून निघणे, आणि तेही पायी.

शरण येण्याची बोलणी लावून वेढेकऱ्यांना गाफील केले गेले. १२ जुलै १६६०, आषाढी पौर्णिमेची रात्र. पौर्णिमा म्हटली तरी आषाढातली. ढगाआडच्या चंद्राचा जेवढा उजेड झिरपेल तेवढाच. सुमारे सहाशे निवडक माणसे राजदिंडीने उतरली. परंपरा सांगते की दुसऱ्या पालखीत महाराजांचा वेष घेऊन शिवा काशीद नावाचा नाभिक बसला, मुद्दाम पकडला गेला आणि त्याने प्राण दिले. फसगत कळताच जौहरचा जावई सिद्दी मसूद घोडेस्वार घेऊन पाठीस लागला. घोडखिंडीत बाजीप्रभू देशपांडे बांदलांच्या मावळ्यांसह उभे राहिले. पुढे विशाळगडालाही शृंगारपूरचे सुर्वे आणि पालवणीचे दळवी मोर्चे लावून बसले होते. महाराजांना तेही तोडून वर जावे लागले. खिंडीला पावनखिंड हे नाव त्यानंतरचे. जेध्यांकडे असलेला मानाच्या पहिल्या पानाचा हक्क या पराक्रमाबद्दल बांदलांना दिला गेला.

आता वाटेविषयी. गेल्या वर्षी आषाढात आम्ही चौघीजणी कोल्हापूरकडच्या एका मैत्रिणीच्या आधाराने ही वाट चाललो. हल्ली दर पावसाळ्यात शेकडो तरुण मुलेमुली ही पदयात्रा करतात. पावनखिंडीपर्यंतची सुमारे पन्नास किलोमीटर वाट दोन दिवसांत, मध्ये एका वाडीत मुक्काम करून, अशी ती रीत आहे. आम्ही मुलांच्या झुंडीत न जाता गावचा एक शेतकरी वाटाड्या घेतला, हे फार बरे झाले.

पन्हाळा उतरून म्हाळुंग्यावरून चढले की मसाईचे पठार लागते. ‘पठार’ म्हटल्यावर मला आपल्याकडचे माळरान डोळ्यांपुढे आले होते. हे पठार म्हणजे जांभ्या दगडाचा अफाट ओटा. एक संपला की दुसरा, त्यावर घोट्याएवढे पाणी आणि वाऱ्याला अडवायला एक झाडही नाही. धुके आले की दहा पावलांवरची मैत्रीण दिसेना. वाटाड्याने आपली काठी मागे धरली. तिचे टोक मी धरले, माझ्या ओढणीचे टोक मागचीने, असे करीत आम्ही आंधळ्यांच्या माळेसारख्या चाललो. आणि हे भर दुपारी! पठार उतरले की चिखल. आपला चिखल पायाला धरतो. तिकडचा लाल चिखल पाय धरीतच नाही, सरकवून देतो. कुंभारवाडी, खोतवाडी, मांडलाईवाडी अशा वाड्या मागे टाकीत गेलो, तर प्रत्येक दोन वाड्यांमध्ये एक ओढा. कमरेएवढ्या पाण्यात पाय कोठे ठेवायचा ते पाण्याला विचारूनच ठरवायचे. रानात जळवा. पायाला मीठ-तंबाखू चोळली तरी पोटरीवरून रक्त येतच होते.

अंधार पडता पडता एका वाडीत पोचलो. ज्यांच्या घरी उतरलो त्या आजींनी चुलीभोवती आमची लुगडी-सलवारी वाळत घातल्या आणि गरम नाचणीची भाकरी व वरण वाढले. माझ्या डोक्यात पालखीच घोळत होती, म्हणून विचारले, “आजी, अशा वाटेने पालखी कशी गेली असेल हो?” त्या हसल्या. म्हणाल्या, “सडक नव्हती तवा आजारी मानसाला डोलीतनंच न्यायचो की दवाखान्यात. चौघं खांद्याला, चौघं बदलीला. आषाढात आठबी कमी पडत्यात.”

इतिहासाच्या पुस्तकात मला न मिळालेले उत्तर असे चुलीपाशी मिळाले. रात्रभर खांदा बदलत, एका हाताने दांडा आणि दुसऱ्याने वाट चाचपीत चालणारे ते भोई होते, म्हणून पुढची खिंड लढविता आली. त्यांतल्या एकाचेही नाव आपल्याला ठाऊक नाही. ते बहुधा याच खोऱ्यांतले असतील, असे आजींचे बोलणे ऐकल्यावर मला वाटू लागले. परमुलखातील भोई या ओढ्यांतून अंधारात पालखी नेणार नाही.

दुसऱ्या दिवशी पांढरपाण्यावरून खिंडीत उतरलो. कासारी नदीचा उगम येथलाच. खिंड म्हणजे पावसाळ्यात तिचे पात्रच. दोन्ही बाजूंना दरड, मधून धो धो पाणी. येथे घोड्यांचा काय उपयोग, ते पाहताक्षणी कळते. हजारो स्वारांचा सेनापतीसुद्धा या जागी चार-सहा माणसेच पुढे काढू शकेल. महाराज याच्याही पुढे, न थांबता, आणखी कित्येक कोस गेले होते. आमचे पाय तेथेच संपले. आम्ही विशाळगडास मोटारीने गेलो, बाजीप्रभू व फुलाजीप्रभू या बंधूंच्या समाधीला हात जोडले आणि एस.टी.ने मलकापूरमार्गे परतलो. (हे मलकापूर शाहूवाडीचे, आपले नव्हे.)

ग्रँट डफ या इंग्रज इतिहासकाराने १८२६ च्या आपल्या ग्रंथात महाराज विशाळगडी नव्हे, तर रांगण्यास गेले, असे लिहून ठेवले आहे. लोकमान्य टिळकांनी १९१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या जेधे शकावलीत ‘खेळणा’, म्हणजेच विशाळगड, असे नाव आहे. मी विदुषी नाही, पण विशाळगड पश्चिमेला आणि रांगणा दूर दक्षिणेला. वेढ्यातून निघालेला मनुष्य जवळची वाट सोडून तिकडे कशाला जाईल?

या डोंगरांनी मोठ्या फौजांना कसे वागविले, तेही पाहण्यासारखे आहे. १४५३ साली बहमनी सरदार मलिक उत्तुजार खेळण्यावर निघाला असता शिर्क्यांनी त्याला वाट दाखविण्याच्या मिषाने रानात नेले आणि त्याचे सैन्य कापले गेले. त्याहून बोलकी हकीकत औरंगजेबाची. राजारामांच्या मृत्यूनंतर, १७०० पासून, राज्याचा भार महाराणी ताराबाईंनी उचलला होता. औरंगजेब एकेक किल्ला घेत विशाळगडापाशी आला. पाच-सहा महिन्यांच्या वेढ्यानंतर जून १७०२ मध्ये गड त्याला मिळाला, तोही लढून नव्हे, किल्लेदाराला पैसे मोजून. मग भर पावसात छावणी पन्हाळ्याकडे परत निघाली. सुमारे तीस मैलांची वाट. तिला अडतीस दिवस लागले. ओढे ओलांडण्यास दिवस दिवस गेले, हत्ती चिखलात रुतले, ओझी वाहून गेली, धान्य सोन्याच्या मोलाने विकले गेले.

वेढ्यातून निघालेल्या माणसांना याच डोंगरांतून, याच दिवसांत, एक रात्र आणि दुसरा दिवस पुरला होता. बादशहाच्या छावणीला तोफा, तंबू, उंट, बाजारबुणगे, सारे संसार बरोबर न्यायचे होते. पालखीबरोबरच्या मावळ्यांजवळ हत्यार आणि फार तर कमरेची शिदोरी. आणि गड विकत घेऊनही बादशहाच्या हाती काय राहिले? ताराबाईंच्या सरदारांनी त्याच्या हयातीतच एकेक किल्ला परत घेण्यास आरंभ केला.

पन्हाळा मात्र महाराजांना सोडावा लागला. सप्टेंबर १६६० मध्ये तो सिद्दी जौहरला देण्यात आला. तो परत मिळविण्यास तेरा वर्षे लागली. मार्च १६७३ मध्ये कोंडाजी फर्जंद अवघी साठ माणसे घेऊन रात्रीच्या अंधारात कडा चढून गेले आणि त्यांनी गड घेतला. जिजाऊ त्या वेळी हयात होत्या.