परवाना कुणाचा, झडती कुणाची?

बीड जिल्ह्यात केज तालुक्यात कला केंद्रे निघाली, वेशीपलीकडे जामखेडलाही निघाली. लावणीच्या इतिहासात त्यांच्या परवान्याबद्दल कुणी लिहीत नाही. मला तो इतिहास महत्त्वाचा वाटतो. सरकार कुणाच्या शरीराकडे संशयाने पाहते, हे त्यात उघड दिसते.

स्वातंत्र्यानंतर लगेच मुंबई प्रांतात बाळासाहेब खेरांच्या सरकारने अश्लीलतेचे कारण देऊन तमाशावर बंदी घातली. मग दत्तो वामन पोतदारांच्या अध्यक्षतेखाली सुधार समिती आली. महार, मांग, कोल्हाट्यांच्या कलेत सभ्य काय, हे पुण्याच्या पंडितांनी ठरवायचे! बीड तेव्हा हैदराबाद राज्यात. १९५६ साली ते द्विभाषिक मुंबई राज्यात आले आणि पुढे १९५१ चा मुंबई पोलीस कायदा इकडेही लागू झाला. त्याचे ३३ वे कलम करमणुकीच्या जागांच्या परवान्याचे. त्याला काळजी सुव्यवस्थेची आणि सभ्यतेची. परवाना मालकाच्या नावे. धाड पडली की पदराआड तोंड लपवायचे ते घुंगरू बांधणारीने. तिच्या बिदागीचा हिशेब पोलीस कशाला विचारतील?

२००५ साली ह्याच कायद्यात ३३ 'अ' आणि 'ब' ही कलमे घालून बारमधील नाच बंद केला. तीन तारांकित व त्यावरील हॉटेलांना मात्र सूट! एकच नाच गरिबाच्या बारमध्ये अश्लील आणि श्रीमंताच्या हॉटेलात सभ्य. उच्च न्यायालयाने २००६ साली ही बंदी रद्द केली, सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली तो निर्णय कायम केला. मधल्या काळात रोजी गेली ती बायांची.

आपल्यातलेही काही जण अशा बंदीला बाबासाहेबांचा आधार देतात. १६ जून १९३६ रोजी परळच्या दामोदर हॉलमध्ये त्यांनी कामाठीपुऱ्यातील बायांना ते जिणे सोडायला सांगितले. शब्द कठोर होते, हे खरे. पण ते त्यांनी बायांना समोर बसवून, आपल्या माणसांशी बोलावे तसे सांगितले. पोलीस धाडून नव्हे. हा फरक ज्याला दिसत नाही त्याने ते भाषण पुन्हा वाचावे.

२०१६ साली सरकारने बारनाचासाठी नवा कायदा केला. नाचाच्या जागी कॅमेरे, शाळा-देवळांपासून एक किलोमीटर अंतर, अशा अटी. २०१९ साली सर्वोच्च न्यायालयाने ह्या दोन्ही उडवल्या. बक्षिसी हातात देता येईल, नोटा उधळता येणार नाहीत, असेही ठरले. तमाशातली दौलतजादा ती हीच. इथे निदान उधळणाऱ्या हातावर बंधन आले.