मॅक्रो आणि कंपाइल होताना चालणारी अनामिक फंक्शने

नाव न देता जागच्या जागी लिहिलेले फंक्शन म्हणजे अनामिक फंक्शन किंवा लॅम्डा; त्याचे मूळ अलोन्झो चर्च यांच्या १९३० च्या दशकातील लॅम्डा कलनात आहे. असे फंक्शन मॅक्रोमध्ये, म्हणजे कंपाइल होताना दुसऱ्या कोडमध्ये विस्तारणाऱ्या लिखाणात, लिहिले की ते प्रोग्राम कंपाइल होतानाच चालते, हा समज अर्धाच खरा आहे. टिमथी हार्ट यांनी १९६३ मध्ये लिस्प या भाषेसाठी सुचवलेला मॅक्रो स्वतःच एक फंक्शन असतो आणि कंपाइलर तो खरोखर चालवतो. सी आणि सी प्लस प्लस या भाषांमधला मॅक्रो मात्र मजकुराच्या जागी मजकूर ठेवून मोकळा होतो, गणित करत नाही. ते काम कंपाइलरचे. आणि सी प्लस प्लसमध्ये स्थिर पदावलीत, म्हणजे जिची किंमत कंपाइल होतानाच काढता येते अशा पदावलीत, लॅम्डा वापरण्याची मुभा मिळाली ती २०१७ च्या मानकात. त्याआधी चतुर मॅक्रोंच्या आडवाटेने ही सोय करून घ्यावी लागे.

खरा प्रश्न आहे तो कोणती माहिती आधीच हाती आहे हा. लातूर जिल्ह्यातील देवणीच्या गोवंशाची नोंद ठेवणारा प्रोग्राम घ्या. वानेरा, बालंक्या आणि शेवरा हे तीन प्रकार ठरलेले: पांढऱ्या अंगाचा नि काळ्या तोंडाचा वानेरा, पांढराशुभ्र बालंक्या, काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांचा शेवरा. रंगावरून प्रकार सांगणारा तक्ता लॅम्डाने कंपाइल होतानाच बांधता येतो. आज सकाळी गाईने दिलेले दूध मात्र प्रोग्राम चालल्यावरच कळणार. तिथे कोणताही मॅक्रो कामाचा नाही.

मग सी प्लस प्लसमध्ये मॅक्रो हवाच कशाला, असे कुणी विचारील. लांबलचक लिखाण आटोपशीर करायला, एवढेच प्रामाणिक उत्तर. पण त्याची किंमत आहे. लॅम्डा बाहेरची कोणती चले वापरतो ते चौकोनी कंसात लिहितात; त्यातला स्वल्पविराम सीचा मॅक्रो त्याला दिलेले दोन घटक वेगळे करणारा समजतो, कारण तो फक्त गोल कंसांचा मान राखतो. मग कितीही घटक घेणारा मॅक्रो लिहावा लागतो. शिवाय चूक झाली की कंपाइलरचा संदेश विस्तारलेल्या, कुणी न लिहिलेल्या मजकुराबद्दल बोलू लागतो. २०२० च्या मानकाने लॅम्डा कंपाइल होतानाच चालवण्याची सक्ती करण्याची सोयही भाषेत आणली. त्यामुळे सी प्लस प्लसपुरता तरी या कामातला मॅक्रोचा वाटा टंकलेखन वाचवण्यापुरता उरला आहे. लिस्पमध्ये, जिथे नवी वाक्यरचनाच घडवायची असते, तिथे त्याला अजून पर्याय नाही.