काळ्या मैनेचे लॅटिन नाव

यवतमाळ हे नाव ज्याप्रमाणे येवत्याच्या महालाचे झिजून उरलेले रूप आहे आणि अकबराच्या दप्तरात त्याची नोंद ‘योत लोहारा’ अशी सापडते, त्याचप्रमाणे या जिल्ह्यातील सागवानी टेकड्यांच्या उतारावर वाढणाऱ्या करवंदीचे नावही पुष्कळ मुखांतून झिजत आपल्यापर्यंत आलेले आहे. अमरकोशाने तिला करमर्दक म्हटले आणि कृष्णपाकफल, अविग्न, सुषेण असे पर्याय दिले. त्यांतले पिकल्यावर काळे पडणाऱ्या फळाचे वर्णन करणारे कृष्णपाकफल हे नाव मला सर्वांत यथार्थ वाटते. लोकांच्या जिभेने मात्र करमर्दच धरून ठेवले. प्राकृतात त्याचे करमद्द झाले, पुढे मकाराचा वकार झाला, मकाराची अनुनासिकता तेवढी मागे राहिली, आणि करवंद सिद्ध झाले.

हा शब्द युरोपात पोचला तो गोव्याच्या वाटेने. १५३४ साली गोव्यास आलेल्या गार्सिया द ऑर्ता या पोर्तुगीज वैद्याने येथील औषधींविषयीचा संवादरूप ग्रंथ १५६३ साली गोव्यातच छापविला, आणि त्यातील एका प्रकरणात वेलदोड्याच्या शेजारी ‘कॅरॅन्डास’ला स्थान दिले. क्लुसियस या वनस्पतिशास्त्रज्ञाने १५६७ साली त्या ग्रंथाचा लॅटिन संक्षेप अँटवर्पला प्रसिद्ध केला, त्यामुळे तो युरोपातील पंडितांच्या हाती पडला. आणि १७६७ साली लिनीयसने या झुडपाचे कॅरिसा कॅरॅन्डस असे नामकरण केले, तेव्हा आपल्याच रानातला शब्द लॅटिनचा अंगरखा घालून उभा राहिला. याउलट अमेरिकेतील हकलबेरीच्या एका ठेंगण्या, सदाहरित जातीचे नाव गेलुसॅकिया ब्रॅकिसेरा असे आहे. त्यातील पहिले पद गे-ल्यूसॅक या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाच्या सन्मानार्थ योजलेले आहे. ती फळे खाणाऱ्या लोकांचा एखादा शब्द तेथे टिकता तर मला अधिक आनंद झाला असता.

परंतु एक खंत येथेही आहे. बागेत लावलेल्या थोराड करवंदीला कॅरॅन्डस हे नाव लाभले; कोरड्या डोंगरावरच्या रानकरवंदीला शास्त्रज्ञ बहुधा कॅरिसा स्पायनॅरम म्हणतात, म्हणजे तिच्या वाट्याला केवळ काटे आले!

चैत्रात साग निष्पर्ण होऊन सारी टेकडी करडी पडते, तेव्हा हीच जाळी तेवढी हिरवीगार असते, आणि तिची पांढरी फुले जाईसारखी दरवळतात. वैशाखात पळसाच्या पानांचे द्रोण भरून करवंदे येतात. देठ तुटताच दुधासारखा चीक बोटाला चिकटतो. मुले फळ दातांनी अर्धे करून आत पाहतात, लाल निघाले तर कोंबडा, पांढरे निघाले तर कोंबडी, आणि पैज हरलेला मुलगा दुसरे फळ काढण्यासाठी पुन्हा काट्यांत हात घालतो.