देव्हारा आणि दप्तर : नरहर कुरुंदकरांचे चरित्रलेखन

हिंगोली जिल्ह्यातील कळमनुरी तालुक्यात, नांदेडहून हिंगोलीकडे जाणाऱ्या रस्त्यावर वसलेले आखाडा बाळापूर हे भोवतालच्या खेड्यांच्या बाजारहाटाचे गाव आहे. नरसी आणि औंढा ही ठिकाणे संत नामदेव व विसोबा खेचर यांच्या नावांमुळे साऱ्या महाराष्ट्राला ठाऊक असली, तरी थोर माणसांचे मोजमाप कसे करावे याची एक वेगळी रीत विसाव्या शतकात मराठीला देणारा लेखकही याच परिसराचा, ही गोष्ट तितकीशी बोलली जात नाही. नरहर अंबादास कुरुंदकर यांचा जन्म १५ जुलै १९३२ रोजी याच कळमनुरी तालुक्यातील नांदापूर या त्यांच्या आजोळच्या गावी झाला. त्यांचे आडनाव शेजारच्या वसमत तालुक्यातील कुरुंदा या गावावरून आलेले आहे. त्या वेळी हा सारा मुलूख निजामाच्या हैदराबाद संस्थानात, परभणी जिल्ह्यात मोडत होता. हिंगोली हा स्वतंत्र जिल्हा १ मे १९९९ रोजी, म्हणजे कुरुंदकरांच्या निधनानंतर सतरा वर्षांनी, अस्तित्वात आला.

कुरुंदकरांनी काय वेगळे केले हे समजण्यासाठी त्यांच्यापूर्वी मराठीत थोर पुरुषांची चरित्रे कशी लिहिली जात होती ते थोडक्यात पाहावे लागते. महिपतींनी अठराव्या शतकात संतांची चरित्रे ओवीबद्ध केली ती श्रोत्याच्या मनात भक्ती जागवण्यासाठी, आणि बखरकारांनी, म्हणजे घडलेल्या गोष्टी सांगीवांगीसह गद्यात नोंदवून ठेवणाऱ्या कारकुनी परंपरेतील लेखकांनी, राजपुरुषांचे वर्णन केले ते धन्याच्या पराक्रमाची आठवण राखण्यासाठी. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी १८७४ मध्ये सुरू केलेल्या ‘निबंधमाले’त डॉक्टर जॉन्सनसारख्या परकीय ग्रंथकाराचे विस्तृत चरित्र आले आणि व्यक्तीच्या गुणदोषांची चर्चा मराठी गद्यात रुळली, तर वि. का. राजवाडे यांनी १८९८ पासून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ प्रसिद्ध करण्यास आरंभ केल्यावर अस्सल कागद असल्याशिवाय विधान करू नये असा दंडक इतिहासाच्या अभ्यासकांत पडला. तरीही सामान्य वाचकाच्या मनातील थोर पुरुष देव्हाऱ्यातच बसून राहिला; त्याला तेथून उठवण्याचा प्रयत्न ज्यांनी केला त्यांतील अनेकांनी तो मूर्तिभंजनाच्या आवेशात केला, आणि मूर्ती फोडल्याने माणूस दिसू लागतो असे नाही.

कुरुंदकरांची दृष्टी ज्या परिस्थितीत घडली ती पुण्या-मुंबईच्या लेखकांच्या परिस्थितीहून फार निराळी होती. हैदराबाद संस्थानात तेलंगण, मराठवाडा आणि कर्नाटक असे तीन भाषिक विभाग नांदत होते. परंतु राज्यकारभाराची भाषा उर्दू होती आणि १९१८ मध्ये स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठातील शिक्षणही उर्दूतूनच दिले जात असे. जमिनीचा काही भाग थेट सरकारच्या, काही जहागीरदारांच्या, तर काही ‘सर्फेखास’ म्हणजे खुद्द निजामाच्या खासगी मालकीच्या व्यवस्थेखाली होता. मराठवाड्यातील जुन्या दप्तरांत मोडी आणि उर्दू या दोन्ही लिपी आजही शेजारी शेजारी भेटतात, आणि आपल्याच शेताचा कागद दुसऱ्याकडून वाचून घेणाऱ्या शेतकऱ्याला ‘राज्य’ म्हणजे काय हे कोणी समजावून सांगावे लागत नसे. कुरुंदकरांचे मामा डॉ. ना. गो. नांदापूरकर हे कवी व जुन्या मराठी काव्याचे अभ्यासक असून उस्मानिया विद्यापीठात मराठीचे प्राध्यापक होते. त्यांच्याकडे हैदराबादेस राहून भाच्याचे शिक्षण झाले, तेथेच वाचनाचे अफाट वेड लागले, आणि तेथेच स्वामी रामानंद तीर्थ यांच्या नेतृत्वाखालील मुक्तिसंग्रामाचे वारे विद्यार्थिदशेतील कुरुंदकरांच्या अंगात शिरले. १७ सप्टेंबर १९४८ रोजी संस्थान भारतात विलीन झाले तेव्हा ते सोळा वर्षांचे होते. चळवळीच्या धामधुमीत महाविद्यालयीन शिक्षणाची घडी विस्कटली. नांदेडच्या प्रतिभा निकेतन शाळेत काही वर्षे शिक्षकी केल्यावर ते १९६३ मध्ये पीपल्स कॉलेजात अध्यापक झाले आणि पुढे त्याच महाविद्यालयाचे प्राचार्य झाले.

या मुलुखात वाढलेल्या माणसाने चरित्र लिहिताना व्यक्तीच्या आधी तिच्या भोवतालच्या राज्ययंत्रणेकडे पाहावे, हे स्वाभाविक म्हटले पाहिजे. मराठवाड्याबाहेरील वाचकाला हैदराबादचा सातवा निजाम मीर उस्मान अली खान बहुधा विक्षिप्त आणि कंजूष श्रीमंत म्हणूनच ठाऊक असतो, कारण त्याच्या कंजूषपणाच्या गोष्टी चवीने सांगितल्या जातात. ‘हैदराबाद : विमोचन आणि विसर्जन’ या पुस्तकात कुरुंदकरांनी त्या गोष्टी बाजूला सारून, १९११ मध्ये गादीवर आलेला हा राज्यकर्ता स्वतंत्र राज्याचे लक्ष्य समोर ठेवून दीर्घकाळ योजनापूर्वक पावले टाकणारा धोरणी माणूस होता, असे चित्र उभे केले. ज्याच्या राजवटीविरुद्ध आपली पिढी लढली त्या प्रतिपक्षाच्या बुद्धीला न्याय देणे हे अवघड काम आहे, आणि ते केल्याशिवाय लढ्याचे मोलही कळत नाही. पुस्तकाच्या नावातील दोन शब्दही विचारपूर्वक निवडलेले आहेत : विमोचन म्हणजे १९४८ मधील मुक्तता, आणि विसर्जन म्हणजे १ नोव्हेंबर १९५६ रोजी भाषावार प्रांतरचनेत त्या राज्याचे तीन दिशांना झालेले विभाजन, ज्यात मराठवाड्याचे पाच जिल्हे द्विभाषिक मुंबई राज्यात आले.

मात्र कुरुंदकरांच्या पद्धतीचे सर्वांत परिणत रूप पाहावयाचे तर ते रणजित देसाई यांच्या ‘श्रीमान योगी’ या १९६८ मधील कादंबरीच्या प्रस्तावनेत आणि शिवाजी महाराजांवरील त्यांच्या व्याख्यानात पाहावे. महाराजांचे चरित्र महाराष्ट्रातील मुलाला ज्या प्रसंगांतून कळते ते प्रसंग ठरलेले आहेत : १६५९ मधील अफजलखानाचा वध, १६६३ मधील शाएस्तेखानावरील छापा, १६६४ मधील सुरतेची लूट आणि १६६६ मधील आग्र्याहून सुटका. हे सारे खरे आणि रोमहर्षक असले तरी पन्नास वर्षांच्या आयुष्यात त्यांनी व्यापलेले दिवस फार थोडे आहेत, मग उरलेल्या दिवसांत हा पुरुष काय करीत होता, हा कुरुंदकरांचा साधा आणि तरीही मुळालाच हात घालणारा प्रश्न होता. त्याचे उत्तर शोधताना ते किल्ल्यांची व्यवस्था, जमीनमहसूल, सैन्याची शिस्त आणि विशेषतः वतनदारी यांकडे वळले. वतन म्हणजे देशमुख, देशपांडे, पाटील यांसारख्या अधिकाऱ्यांकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला वसुलीचा हक्क आणि त्याबरोबर येणारी सत्ता. सुलतान बदलला तरी वतनदार बदलत नसे, आणि रयतेच्या दृष्टीने राजा म्हणजे दूरचे नाव, तर वाड्यातला वतनदार हीच रोजची सत्ता असे. महाराजांनी या वतनदारांना वेसण घातली, रयत आणि राज्य यांच्यामधील ही भिंत खाली आणली, आणि त्यामुळे सामान्य शेतकऱ्याला हे राज्य आपले वाटू लागले, अशी कुरुंदकरांची मांडणी आहे.

या मांडणीचा पुरावा ते महाराजांच्या आयुष्यात शोधत नाहीत, मृत्यूनंतरच्या काळात शोधतात. १६८० मध्ये महाराज गेले; थोड्याच काळात औरंगजेब आपल्या प्रचंड फौजेनिशी दक्षिणेत उतरला; १६८९ मध्ये संभाजी महाराजांचा वध झाला आणि त्याच वर्षी रायगड पडून येसूबाई व शाहू मोगलांच्या कैदेत गेले; राजाराम महाराजांना जिंजीपर्यंत माघार घ्यावी लागली आणि १७०० मध्ये त्यांचाही मृत्यू झाला. राजा नाही, राजधानी नाही, खजिना नाही, अशा अवस्थेत मराठे लढत राहिले आणि १७०७ मध्ये औरंगजेबच अहमदनगरजवळ मरण पावला. एखाद्या राज्यकर्त्याच्या कर्तृत्वाचे माप त्याच्या पाठीमागे लोक सत्तावीस वर्षे कशासाठी लढले यावरून घ्यावे, ही कसोटी मराठी चरित्रलेखनात कुरुंदकरांनी जितक्या ठामपणे वापरली तितकी क्वचितच कोणी वापरली असेल. महाराज श्रद्धावान हिंदू होते आणि त्यांच्या राज्यात परधर्मीयांच्या श्रद्धास्थानांना संरक्षण होते, या दोन्ही गोष्टी ते एकत्र मांडतात. यांतील एक लपवून दुसरी मिरवणाऱ्या दोन्ही बाजूंच्या भक्तांना हे लेखन अडचणीचे वाटत आले आहे, आणि तेच त्याचे बळ आहे.

या विवेचनामागे त्र्यंबक शंकर शेजवलकर यांच्यासारख्या इतिहासकाराचे ऋण स्पष्ट दिसते. कुरुंदकर हे मूळ कागद धुंडाळणारे संशोधक नव्हते. फारसी साधनांवर हुकमत असलेले सेतुमाधवराव पगडी हे त्याच हैदराबाद संस्थानातून पुढे आले होते आणि ते काम त्यांच्यासारख्यांनी केले. दुसऱ्यांनी बाहेर काढलेल्या साधनांना नेमके प्रश्न विचारणे ही कुरुंदकरांची शक्ती होती, आणि मर्यादाही तीच : युक्तिवादाची साखळी जुळवण्याच्या ओघात एखादा दुवा अपेक्षेपेक्षा अधिक घट्ट ओढला गेला असे त्यांच्या वाचकाला अधूनमधून जाणवते. कलेच्या क्षेत्रातही ते याच मार्गाने गेले. ‘रिचर्डची कलामीमांसा’ या पुस्तकात इंग्रज समीक्षक आय. ए. रिचर्ड्स यांच्या विचारांची छाननी आहे, आणि भरतांच्या नाट्यशास्त्रावर लिहिताना त्या ग्रंथाची पूजा करण्याऐवजी त्यांनी त्याला रंगभूमीच्या प्रत्यक्ष व्यवहारात नेऊन ठेवले. ‘जागर’ आणि ‘शिवरात्र’ या संग्रहांत लोकशाही व जमातवाद, म्हणजे धर्माच्या आधारे राजकीय गट बांधण्याची वृत्ती, यांची चर्चा करतानाही पुढाऱ्यांच्या स्वभावापेक्षा त्यांच्या भूमिकांमागील व्यवस्थेवर त्यांचा रोख राहिला.

१० फेब्रुवारी १९८२ रोजी, वयाची पन्नाशी गाठण्याआधीच, त्यांचे निधन झाले. राजकीय व सामाजिक पुढाऱ्यांवरील त्यांचे लेख ‘आकलन’ या नावाने वाचकांसमोर आहेत. शीर्षकातील हा एक शब्द त्यांच्या सगळ्या व्यक्तिलेखनाला लागू पडतो. तथापि सर्वाधिक घरांत पोहोचलेले त्यांचे लेखन दुसऱ्याच लेखकाच्या पुस्तकात आहे. ‘श्रीमान योगी’ उघडणाऱ्या वाचकाला कथेच्या आधी ती लांबलचक, पत्राच्या वळणाने लिहिलेली प्रस्तावना भेटते, आणि तिच्यात कादंबरीकाराला आवडेल तेवढेच सांगण्याची तडजोड नाही. वाद, शंका आणि मतभेद जिथे आहेत तिथे ते जसेच्या तसे मांडलेले आहेत. देसाईंनी ती पाने आपल्या कादंबरीच्या दाराशीच छापू दिली, आणि आवृत्तीमागून आवृत्ती निघत असताना ती आजही तेथेच आहेत.