बिऱ्हाड, किराया आणि पावती



आपल्या भाषेत भाड्याने राहणाऱ्याला दोन नावे आहेत. जुन्या वाड्यात दोन खोल्या घेऊन राहणारा तो बिऱ्हाडकरू. गावाबाहेर नव्याने उठलेल्या पत्र्याच्या खोल्यांत राहणारा तो किरायदार. बिऱ्हाड ह्या शब्दात चूल, पाळणा, देव्हारा असा सबंध संसार आला. किराया ह्या शब्दात केवळ महिन्याचा पैसा आला. घर भाड्याने देण्याघेण्याचा गेल्या शंभर वर्षांचा इतिहास म्हणजे ह्या दोन शब्दांची ओढाताण होय. तो इतिहास आज आम्ही मांडणार आहोत, आणि त्यातून व्यवहाराच्या चार गोष्टी निघतात, त्याही सांगणार आहोत.

हा विषय कामगार संघटनेच्या माणसाने का घ्यावा, असे कोणी विचारील. वणीच्या भोवती राजूर, निळजई, उकणी अशा कोळशाच्या खाणी आहेत. त्यांतून निवृत्त होणारा कामगार फंडाची आणि ग्रॅच्युइटीची रक्कम घेऊन बाहेर पडतो, आणि पुष्कळदा चार खोल्या बांधून किंवा विकत घेऊन भाड्याने द्यावयाचा बेत करतो. त्या खोल्यांत राहावयास येतो तो कंत्राटी कामगार, ट्रकचा चालक, जिनिंगमधील हंगामी मजूर. दोघेही सल्ल्याला आमच्याच कचेरीत येतात. काल जो भाडेकरू होता तो आज घरमालक झाला आहे. तेव्हा ‘मालक तेवढा वाईट’ एवढे म्हणून आमचे भागत नाही, आणि ‘ज्याचे घर त्याचे राज्य’ असेही आम्ही म्हणू शकत नाही.

आपल्या भाडेकायद्याचे मूळ पाहावयाचे तर पहिल्या महायुद्धापर्यंत मागे जावे लागते. १९१५ साली स्कॉटलंडमधील ग्लासगो शहरात दारूगोळ्याच्या व जहाजांच्या कारखान्यांमुळे कामगारांची दाटी झाली आणि घरमालकांनी भाडी वाढविली. पुरुष कामावर किंवा लढाईवर. तेव्हा मेरी बार्बर आदी स्त्रियांनी पुढाकार घेतला आणि हजारो कुटुंबांनी वाढीव भाडे देण्याचे नाकारले. सरकारला त्याच वर्षी कायदा करून भाडी युद्धाच्या आरंभी होती तेथेच रोखावी लागली. मुंबईतही युद्धकाळात तशीच दाटी आणि तशीच भाववाढ झाली, आणि १९१८ साली तेथे भाडेनियंत्रणाचा पहिला कायदा आला.

भाडे रोखल्याने नवी घरे उभी राहत नाहीत, हे सरकारलाही कळत होते. म्हणून १९२० साली गव्हर्नर लॉइड ह्यांच्या अमदानीत मुंबईला डेव्हलपमेंट डिपार्टमेंट निघाले. कामगारांसाठी ५० हजार खोल्या बांधण्याचा संकल्प सुटला. पैसा उभारण्यासाठी मुंबईत येणाऱ्या कापसाच्या प्रत्येक गाठीवर एक रुपया पट्टी बसली. आमच्या वऱ्हाडातून मुंबईच्या बाजारात गेलेल्या गाठींनाही ती चुकली नाही. मुंबईच्या मजुराच्या खोलीत वऱ्हाडच्या शेतकऱ्याचाही रुपया आहे, असे म्हणावयास हरकत नाही. संकल्प ५० हजारांचा; प्रत्यक्षात वरळी, नायगाव, डिलाइल रोड आणि शिवडी येथे २०७ चाळी व १६ हजारांवर खोल्या झाल्या. खोली सुमारे १६० चौरस फुटांची. बांधकामाचा खर्च इतका वाढला की भाडे मजुराच्या आवाक्याबाहेर गेले, आणि घरांची टंचाई असलेल्या शहरात पुष्कळ खोल्या कित्येक वर्षे रिकाम्या पडल्या. पहिला धडा येथे मिळतो. खोली कितीला पडली ह्यावरून भाडे ठरत नाही. राहणाऱ्याची मिळकत किती ह्यावरून ते ठरते.

दुसरा धडा त्याच शहराने १९४७ च्या कायद्यानंतर दिला. त्या कायद्याने भाडी १ सप्टेंबर १९४० च्या पातळीवर बांधून टाकली. फाळणीनंतरच्या त्या दिवसांत ही गोष्ट आवश्यकच होती. तो कायदा नसता तर हजारो संसार रस्त्यावर आले असते. परंतु तात्पुरती म्हणून घातलेली गाठ दशके गेली तरी सुटली नाही. सिमेंट, चुना, गवंड्याची मजुरी सर्व वाढले. भाडे तेवढे जागच्या जागी राहिले. मालकाने डागडुजी सोडून दिली. उघड भाडे थोडे आणि पागडी भरमसाट, असा काळा व्यवहार रूढ झाला. अखेर जुन्या इमारती कोसळू लागल्या तेव्हा १९६९ साली दुरुस्ती मंडळाचा कायदा करून, उपकर बसवून, १९ हजारांवर इमारतींच्या दुरुस्तीचे ओझे सरकारला अंगावर घ्यावे लागले. छप्पर पडते तेव्हा ते मालकाच्या डोक्यावर पडत नाही, भाडेकरूच्या डोक्यावर पडते. ज्या भाड्यात दुरुस्तीचा पैसा नाही ते भाडे स्वस्त म्हणता येत नाही.

आता आपल्या घरी येऊ. वणी १९५६ पर्यंत मध्य प्रदेशात होती. म्हणून मुंबईचा कायदा आपल्याकडे नव्हता. विदर्भात १९४९ चा मध्यप्रांत-वऱ्हाड भाडेनियंत्रण आदेश चाले, आणि महाराष्ट्र राज्य झाल्यावरही तोच चालू राहिला. त्याची तऱ्हा वेगळी होती. जेथे तो लागू होता तेथे मालकाला भाडेकरूस नोटीस देण्यापूर्वीच भाडे नियंत्रकाची परवानगी काढावी लागे. भाडे थकले, खोली दुसऱ्यास दिली, मालकाला स्वतःला खरोखर गरज आहे, अशी ठराविक कारणे दाखवावी लागत. परवानगी मिळाली की मग दिवाणी दावा. म्हणजे एका खोलीसाठी दोन पायऱ्यांची कज्जेदलाली. भाडेकरूला संरक्षण भक्कम मिळाले, परंतु त्याची दुसरी बाजू अशी की मालक घर रिकामे ठेवून कुलूप लावणे पसंत करू लागले.

३१ मार्च २००० पासून सबंध राज्याला एकच कायदा लागू झाला. तो महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९. त्याने कायम भाडेकरूच्या भाड्यात दर साल शेकडा ४ वाढ करण्यास मुभा दिली. करार लेखी व नोंदणीकृत असलाच पाहिजे असे ठरविले, आणि नोंदणीची जबाबदारी मालकावर टाकली. नोंदणी केली नाही तर तंट्याच्या वेळी कराराच्या अटींबाबत भाडेकरू जे सांगेल ते, उलट सिद्ध होईपर्यंत, खरे धरले जाते. मालकाने दुरुस्ती ठेवलीच पाहिजे. न ठेवल्यास पंधरा दिवसांची नोटीस देऊन भाडेकरू ती करून घेऊ शकतो आणि वर्षाच्या भाड्याच्या चौथ्या हिश्शापर्यंत खर्च वळता करू शकतो. पाणी किंवा वीज तोडून कोणाला बाहेर काढता येत नाही. पावती देणे मालकावर बंधनकारक आहे.

ह्या सर्वांतून आमच्या निवृत्त बांधवाने काय घ्यावे? पहिली गोष्ट जमिनीची. नगर परिषदेच्या करपावतीवर नाव आहे म्हणजे मालकी झाली, ही समजूत घातक आहे. कर पावतीने राहणारा कळतो, मालक नव्हे. विदर्भातील शहरांत नझूलच्या जागा पुष्कळ. तेव्हा पट्ट्याची मुदत आणि अटी पाहाव्यात. शेतजमिनीवर पाडलेला प्लॉट अकृषक झाला आहे काय, हे पाहावे. आणि आपल्या भागात एक विशेष खबरदारी: १९५७ च्या कोळसाधारी क्षेत्रांच्या कायद्याखाली ती जागा अधिसूचित झाली आहे काय, ह्याची चौकशी तहसील कचेरीत केल्याविना विसार देऊ नये. येथली काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात फाटते; पाया मुरमापर्यंत गेलेला नसेल तर भिंतीची भेग रंगाने बुजवून विकणारे भेटतात. म्हणून घर पाहावयास मे महिन्यात एकदा आणि श्रावणात एकदा जावे.

दुसरी गोष्ट हिशोबाची. उदाहरणादाखल समजा, चार खोल्या १२ लाखांना पडल्या आणि दर खोलीचा किराया अडीच हजार. वर्षाचे १ लाख २० हजार दिसतात आणि माणूस शेकडा दहाच्या गोष्टी करू लागतो. परंतु वर्षात एक महिना खोली रिकामी राहतेच. १० हजार गेले. दोन महिन्यांचा किराया डागडुजीसाठी बाजूला काढला. २० हजार गेले. घरपट्टी, पाणी, मोटारीची वीज मिळून आणखी १० हजार धरा. हातात उरले ८० हजार, म्हणजे शेकडा पावणेसातच्याही आत. हा आकडा मान्य असेल तर खोल्या घ्याव्यात. डागडुजीचे २० हजार खिशात घालून शेकडा आठ मिळविण्याचा मोह होईल. मुंबईच्या चाळी कशा गेल्या हे तेव्हा आठवावे. आणि म्हातारपणाची सगळी पुंजी एकाच भिंतीत घालू नये, औषधपाण्याचा पैसा बँकेतच असावा.

तिसरी गोष्ट वागणुकीची. अकरा महिन्यांचा का होईना, लिव्ह अँड लायसन्सचा कागद नोंदवावा. अनामत किती, विजेचा आकडा किती, नळ आणि पंखे किती, सर्व त्यात लिहावे. आपला किरायदार परप्रांतातून आलेला कंत्राटी मजूर असेल तर राहण्याचा पुरावा म्हणून हा कागद त्याच्याही उपयोगी पडतो. कागदाला भिणारा मालक आपल्याच हाताने पुरावा गमावतो. हंगाम संपल्यावर किराया दहा दिवस लांबला तर दार वाजवून चौकशी करावी, मीटर काढू नये. चांगले बिऱ्हाड टिकविणे हे महिनाभर रिकाम्या खोलीपेक्षा नेहमीच स्वस्त पडते.

किरायदारांनाही एक सांगणे आहे. पावती मागण्यात भीड नको, पण देणे वेळेवर द्यावे. गळणारे छप्पर पावसाळ्याआधी लेखी कळवावे, भांडणाच्या दिवशी नव्हे.

ग्लासगोच्या स्त्रियांपासून आजच्या कायद्यापर्यंत जे काही मिळाले ते एका कागदाच्या तुकड्यात मावते. पावतीवर दोघांची नावे असतात, रक्कम असते, महिना असतो. देणारा आणि घेणारा त्या कागदावर समोरासमोर येतात; एक दुसऱ्याचा आश्रित राहत नाही आणि दुसरा पहिल्याचा धनी होत नाही. वणीतल्या प्रत्येक किरायाच्या खोलीत खिळ्याला अशा पावत्यांची माळ अडकविलेली दिसावी, एवढी आमची इच्छा आहे.