चर्चच्या नोंदवह्या आणि मावळची दप्तरे : भोर-वेल्हे परिसरातील कुलेतिहासाची साधने

कुलेतिहासाचा शोध घेणाऱ्या युरोपीय अभ्यासकाचा पहिला आधार म्हणजे चर्चची नोंदवही. 1563 मध्ये ट्रेंटच्या धर्मपरिषदेने प्रत्येक पॅरिशमधील धर्मगुरूने बाप्तिस्मा व विवाह यांची नोंद ठेवावी असा दंडक घातला. 1614 च्या रोमन विधिग्रंथाने त्यात मृत्यूच्या नोंदीची भर घातली. पोर्तुगीज अमलाबरोबर ही पद्धत गोव्यात रुजली. बाप्तिस्म्याच्या नोंदीत बालकाचे नाव, आईवडील, गाव आणि धर्ममाता-धर्मपिता यांची नावे येतात. मूल जन्मले म्हणून त्याची नोंद होते. त्याच्या घराकडे जमीन किंवा मानपान आहे की नाही, हा प्रश्न नोंद करणाऱ्यापुढे नसतो.

पुणे जिल्ह्यातील भोर आणि वेल्हे तालुक्यांतील बहुसंख्य कुटुंबांना असा आधार नाही. (वेल्हे तालुक्याचे नाव राजगड करण्यास राज्य मंत्रिमंडळाने 2024 मध्ये मान्यता दिली, जुन्या कागदपत्रांच्या संदर्भात येथे वेल्हे हेच नाव वापरले आहे.) तथापि या परिसराला लेखी साधनांचे दारिद्र्य आहे, असे म्हणता येणार नाही. रोहिडखोऱ्यातील जेधे व खोपडे, हिरडस मावळातील बांदल, गुंजण मावळातील शिळीमकर, मोसे खोऱ्यातील पासलकर या देशमुख घराण्यांमुळे येथील वतनी कागदपत्रांना मराठ्यांच्या इतिहासात महत्त्वाचे स्थान मिळाले. मात्र या दप्तरांत माणूस जन्मला म्हणून येत नाही. तो हक्क सांगावयास उभा राहिला म्हणून येतो. हा भेद ध्यानात न घेता चर्चच्या वहीप्रमाणे ही कागदपत्रे वाचली तर वंशावळी चुकतात.

भोर तालुक्यातील कारी येथील जेधे देशमुखांची शकावली आणि करीना ही याची उत्तम उदाहरणे होत. शकावली लोकमान्य टिळकांच्या हाती आली आणि 1916 मध्ये भारत इतिहास संशोधक मंडळामार्फत प्रसिद्ध झाली. शके 1540 ते 1619, म्हणजे इ. स. 1618 ते 1697 या काळातील घटनांच्या तिची टिपणे एका घराण्याने जपलेली असली तरी त्यांतील सर्वांत प्रसिद्ध नोंद त्या घराण्याची नव्हे, शिवाजी महाराजांच्या जन्माची आहे : शके 1551, फाल्गुन वद्य 3. सर्वसाधारणपणे शकात 78 मिळविले असता इसवी सन येतो. परंतु फाल्गुन इसवी सनाच्या पुढील वर्षात पडत असल्यामुळे येथे 79 मिळवावे लागतात आणि 19 फेब्रुवारी 1630 ही तारीख निश्चित होते. शुहूर सनातील कागदांस 599 किंवा 600 मिळवावे लागतात. कुटुंबाच्या कागदांवर काम करणारे हौशी संशोधक येथेच अनेकदा एका वर्षाने चुकतात.

करीन्याचे स्वरूप निराळे आहे. करीना म्हणजे हक्काच्या समर्थनार्थ मांडलेली घराण्याची हकीकत. जेधे करीन्यात कान्होजी जेधे यांचे वडील नाईकजी यांचा भावांकडून झालेला खून, तान्ह्या कान्होजीला देवजी महाला याने वाचविणे आणि मोसे खोऱ्यातील बाजी पासलकरांनी दिलेला आश्रय हे प्रसंग येतात. बाप्तिस्म्याच्या वहीत असा मजकूर कधीच सापडणार नाही. पण हा मजकूर लिहिला गेला तो देशमुखीचा खरा वारस कोण हे सिद्ध व्हावे म्हणून. वारसा ज्या शाखेतून आला ती शाखा तपशिलाने येते, प्रतिस्पर्धी भाऊबंद अपराधी म्हणून येतात, आणि ज्यांचा वादाशी संबंध नाही ते येतच नाहीत. मुली बहुधा सोयरीक सांगण्यापुरत्या उल्लेखिल्या जातात. करीना हा खोटा कागद नव्हे; परंतु तो फिर्यादीचा कागद आहे, आणि प्रतिपक्षाचा कागद मिळाल्याखेरीज त्यावरून वंशवृक्ष रेखाटणे धाडसाचे ठरते.

वतनदार नसलेल्यांसाठी अधिक उपयुक्त, परंतु पुरेसे न वापरलेले साधन म्हणजे महजर. गोतसभेने वादाचा निवाडा केला की त्यावर गावच्या पाटील-कुलकर्ण्यांबरोबर बलुतेदारांच्याही साक्षी पडत. ज्यांना लिहिता येत नसे ते व्यवसायाची निशाणी करीत : कुणब्याचा नांगर, कुंभाराचे चाक, न्हाव्याचा आरसा, चांभाराची रापी. एखाद्या कुंभार कुटुंबाच्या पूर्वजाचे नाव अशा रीतीने देशमुखांच्या भांडणाच्या शेवटच्या ओळींत टिकून राहते. संपादक पुष्कळदा महजराचा मुख्य मजकूर छापतात आणि साक्षींची यादी संक्षिप्त करतात. कुलेतिहासाच्या दृष्टीने हे मोठे नुकसान आहे.

1950 च्या कायद्याने परगणा व कुलकर्णी वतने नष्ट झाली. तत्पूर्वी 1948 मध्ये भोर संस्थान विलीन झाले होते. हक्क संपल्यावर मोडीतील रुमाल जपण्याचे व्यावहारिक कारणच उरले नाही. आज कागद पुन्हा शोधले जात आहेत ते मात्र एका नव्या हक्कासाठी. इतर मागासवर्गीयांच्या जातप्रमाणपत्राच्या पडताळणीत 13 ऑक्टोबर 1967 पूर्वीच्या पुराव्यास महत्त्व आहे. 2023 मध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीच्या कामानंतर कुणबी नोंदींचा शोध राज्यभर सुरू झाला. त्यात सर्वाधिक विचारली जाणारी वही म्हणजे कोतवाल बुक, अर्थात गाव नमुना 14. चर्चच्या वहीस सर्वांत जवळची अशी हीच वही. तीत वतन नसलेल्या घरांतील जन्म-मृत्यूही येतात. फरक असा की बाप्तिस्मा हा नाव ठेवण्याचाच विधी असल्याने तेथे बालकाचे नाव असते, तर कोतवाल बारशाच्या आधीच वर्दी देत असल्यामुळे येथे पुष्कळदा केवळ बापाचे नाव आणि 'मुलगा' किंवा 'मुलगी' एवढेच आढळते. एकाच बापाची तीन मुले असतील तर नोंद नेमकी कोणाची, हे ठरविण्यास शाळेचा दाखला, फेरफार किंवा वाटणीपत्र यांची जोड द्यावी लागते. शासनाला वंशावळीतील प्रत्येक दुवा हवा असतो आणि जुन्या वहीत नेमका तोच मोकळा असतो. प्रकरणे अडतात ती बहुधा येथे.

चर्चच्या नोंदींतही असे खंड आहेत. गोव्यात धर्मांतरितांना पोर्तुगीज आडनावे मिळाल्याने पूर्वीच्या हिंदू कुळाशी असलेला धागा वहीत तुटतो. तो जुळविण्यासाठी अभ्यासकांना गावकरीच्या वांगडांचे कागद पाहावे लागतात, म्हणजे पुन्हा हक्काच्याच नोंदींकडे वळावे लागते.

नाशिक व त्र्यंबकेश्वर येथील तीर्थोपाध्यायांच्या वह्या या दोहोंहून भिन्न आहेत. त्या गाव व कुळ यांनुसार ठेवलेल्या असून श्राद्धाच्या निमित्ताने पितृकुलाबरोबर मातृकुलाच्या पिढ्याही त्यांत येऊ शकतात. हरिद्वारच्या अशा वह्यांचे सूक्ष्मचित्रण अमेरिकेतील यूटा येथील वंशावळी संस्थेने केले. वेल्ह्यातील धरणग्रस्त कुटुंबांच्या दृष्टीने या वह्यांचे मोल विशेष आहे. पानशेत आणि वरसगाव या जलाशयांखाली गेलेल्या गावांतील लोक इतरत्र पांगले. नव्या गावच्या महसुली दप्तरात त्यांच्या मागील पिढ्या नाहीत. उपाध्यायाच्या वहीत मात्र ती कुळे अजूनही मूळ गावाखालीच लिहिलेली असतात, आणि तहसील कचेरीच्या अभिलेख कक्षातही शोध त्याच मूळ गावाच्या नावाने घ्यावा लागतो.