टर्बोच्या दोन तऱ्हा

हल्ली हजार सीसीच्या गाडीवरही टर्बोचा बिल्ला असतो. पण पन्नास वर्षांपूर्वी रोजच्या गाडीत टर्बो बसवणं म्हणजे धाडसच होतं. अमेरिकेत १९६२ मध्ये ओल्ड्समोबिल जेटफायर आणि शेव्हरोले कॉर्व्हेअरने तो प्रयोग केला आणि काही वर्षांत गुंडाळलाही. युरोपात मात्र दोन कंपन्यांनी हे कोडं दोन तऱ्हांनी सोडवलं. दोन्ही इंजिनं दोन लिटरची, चार सिलिंडरची. तुलनेला एकदम सोयीचं!

पहिली बीएमडब्ल्यू २००२ टर्बो. सप्टेंबर १९७३, फ्रँकफर्टचं प्रदर्शन, १७० अश्वशक्ती. पुढच्या स्पॉयलरवर नाव चक्क उलट्या अक्षरांत... म्हणजे पुढच्या ड्रायव्हरला आरशात ते सुलटं दिसावं आणि त्याने मुकाट बाजूला व्हावं! त्यावरून जर्मनीत असा गदारोळ झाला की ती अक्षरं काढावी लागली.

टर्बोने दाबलेली हवा तापते आणि इंजिन नॉकिंग करू लागतं. म्हणून बीएमडब्ल्यूने कॉम्प्रेशन ६.९ पर्यंत उतरवलं. परिणाम काय, तर चार हजार आरपीएमच्या आसपास गाडी जागी होणार आणि मग पाठीत एकदम धपका. आमच्या भाषेत, थ्रूपुट झकास, लेटन्सी भयंकर :-) त्यात ऑक्टोबरात तेलसंकट आलं, नोव्हेंबरात जर्मनीत रविवारी गाड्यांवर बंदी. १९७५ पर्यंत जेमतेम १,६७२ गाड्या बनल्या.

दुसरी स्वीडनची साब ९९ टर्बो, १९७८ ची. साब १९६९ पासून स्कॅनियाशी जोडलेली, आणि स्कॅनियाला ट्रकमधल्या टर्बोचा जुना अनुभव. साबने कमाल वेगाचा नादच सोडला. ओव्हरटेक करताना, म्हणजे मधल्या आरपीएमला ताकद हवी, एवढंच ठरवलं. त्यासाठी लवकर फिरणारा छोटा टर्बो, आणि दाब फार वाढला की एक्झॉस्टला परस्पर वाट देणारा वेस्टगेट. ताकद १४५ अश्वशक्तीच, पण गाडी रोज वापरता येण्याजोगी. १९७९ ची स्वीडिश रॅली स्टिग ब्लॉमक्विस्टने हिच्यावरच जिंकली. जागतिक रॅली स्पर्धेतला टर्बो गाडीचा तो पहिला विजय.

आता संग्राहकाने काय घ्यावं? बीएमडब्ल्यूची किंमत साबच्या कितीतरी पट आहे. साध्या २००२ ला टर्बोचा साज चढवलेल्या नकलाही आहेत, तेव्हा चासी नंबर तपासल्याशिवाय पुढे जाऊ नये. साब दहा हजारांवर बनल्या, पण त्यांचा गिअरबॉक्स नाजूक, आणि साब ऑटोमोबिलचं २०११ मध्ये दिवाळं निघालेलं.

गंमत बघा. जी गाडी खपली नाही, ती दुर्मिळ म्हणून महाग. जिची कल्पना आज गल्लोगल्ली फिरतेय, ती स्वस्त. बाजार दुर्मिळतेला पैसे देतो, बरोबर उत्तराला नाही. गुंतवणूक हवी असेल तर बीएमडब्ल्यू घ्या. इतिहास चालवून बघायचा असेल तर माझं मत साबला!